शनिवारी न उचललेले फोन

चाळीस नावांची ती यादी मी अजून ठेवली आहे. प्रत्येक नावापुढे दोन रकाने आहेत. डावीकडचा शनिवारचा, उजवीकडचा शुक्रवारचा. डावा रकाना चुकीचा आहे, पण मी तो खोडलेला नाही, कारण तो भरताना मी अगदी काळजीपूर्वक वागलो होतो, आणि हे मला विसरायचं नाही.

भूकंप झाला त्या वसंतात, टोकियोशेजारच्या आमच्या ग्योतोकुपासून जवळच, समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवरच्या वस्त्यांत बरेच दिवस नळाला पाणी नव्हतं. सुटीच्या दिवशी मी तिथे पाणी वाटायला जात असे. मला कामही माझ्या स्वभावाचंच मिळालं होतं. रांगेत माणसं किती, टँकरमध्ये पाणी किती, आणि दोन्हींचा मेळ बसतो का, एवढं बघायचं. ऑफिसात मी सॉफ्टवेअरमधल्या चुका मोजतो. घरी मी काय काय मोजतो ते बायको पाहुण्यांना हसत हसत सांगते.

एकदा रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला विचारलं, "पाणी पुरणार नाही हे तुम्ही अर्धा तास आधी कसं सांगितलंत?"

"मोजलं," मी म्हटलं.

"मला असा माणूस हवाच आहे," ते म्हणाले.

टोकियोतल्या एदोगावात त्यांचा शिलाई मशीनचे सुटे भाग बनवायचा छोटा कारखाना होता. वयामुळे त्यांनी तो बंद केला, पण यंत्रं विकली नाहीत. चार मित्रांना जमवून त्यांनी एक संस्था काढली आणि स्वतः अध्यक्ष झाले. मुस्लिमबहुल देशांतल्या प्रशिक्षण केंद्रांमधून शिक्षक बोलवायचे, त्यांना सहा महिने कारखान्यातली शिलाई मशीन दुरुस्त करायला शिकवायचं, आणि परत जाऊन त्यांनी तिथल्या बेकार बायकांना शिकवायचं, अशी कल्पना होती. कपड्यांच्या कारखान्यांत मशीन चालवायला बायका असतात आणि दुरुस्तीला पुरुष. मशीन अडलं की बाई हातावर हात ठेवून मिस्त्रीची वाट बघत बसते. मशीन चालवता येणाऱ्या पुष्कळ, दुरुस्त करणारे थोडे. म्हणून दुरुस्ती शिकलेल्या बाईला काम मिळेल, असा हिशेब होता. मला तो पटला.

पहिली शिक्षिका बांगलादेशातून आली. चाळिशीची, सडपातळ, मोजकं बोलणारी. लग्नाआधी तिने स्वतः कारखान्यात मशीन चालवलं होतं. तिला सगळे आपा, म्हणजे ताई, म्हणत, आणि आमचे जपानी सदस्य 'आपा-सान' म्हणत. टीव्हीवरच्या मालिका बघून ती हिंदी शिकली होती, त्यामुळे माझ्याशी हिंदीत बोलायची आणि मला भाई म्हणायची. सहा महिने शिकून ती परत गेली आणि ढाक्याजवळच्या आपल्या केंद्रात तिने चाळीस बायकांची पहिली तुकडी शिकवली.

दुसऱ्या तुकडीसाठी संस्थेचा नियम होता: आधीच्या तुकडीतल्या निम्म्या बायका सहा महिन्यांनंतर कारखान्यात नोकरीला असल्या पाहिजेत. निम्म्या नसल्या तर ते केंद्र बंद. हा नियम मी लिहिला होता. 'प्रशिक्षणामुळे बेरोजगारी कमी होते' हे वाक्य मी इतक्या अहवालांत वाचलं होतं की कुणीतरी फोन करून खरंखोटं बघावं असं मला वाटे. तेव्हा फोन मीच करायचे, हेही ठरून गेलं.

मला बंगाली येत नाही. बायकोला येतं. तिचे वडील बँकेत होते आणि तिची शाळेची सात वर्षं कोलकात्यात गेली. तिने मला चार प्रश्न देवनागरीत लिहून दिले. आईनेच फोनवर बोलावं, असं मुलीने जपानीत सुचवलं, कारण घरात ती मराठीत फक्त भांडते. मी नको म्हटलं. माणूस बोलायला लागला की प्रश्न बदलतो. प्रश्न सगळ्यांना त्याच शब्दांत विचारले गेले पाहिजेत.

वारही मी तपासून ठरवला. बांगलादेशात सरकारी सुटी शुक्रवार आणि शनिवार. आपल्याला सुटी शनिवार आणि रविवार. दोघांचा सामाईक दिवस शनिवार. आमचे दुपारचे दोन म्हणजे तिथले सकाळचे अकरा. तीन शनिवार मी जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि उत्तर न आलेल्या प्रत्येक नंबरला तीनदा फोन केला.

दुसऱ्या शनिवारी एका बाईला मी वाचून विचारलं, "कारखान्यात नोकरी करता का?" ती "ना" म्हणाली आणि पुढे बराच वेळ बोलत राहिली. मी धन्यवाद म्हणून फोन ठेवला आणि रकान्यात 'नाही' लिहिलं.

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, ती काहीतरी सांगत होती."

"माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं."

"तुमच्या प्रश्नाचं मिळालं हो," ती म्हणाली आणि कुकरकडे वळली.

चाळीसपैकी तेवीस जणींनी फोन उचलला. त्यातल्या नऊ कारखान्यात होत्या. सतरा जणींनी उचललाच नाही, आणि ज्यांचं कळलं नाही त्यांना नोकरी नाही असं धरायचं, हेही मीच आधी लिहून ठेवलं होतं. म्हणजे चाळीसात नऊ.

बैठक रविवारी एदोगावातल्या त्या जुन्या कारखान्यातच झाली. आपा त्यासाठी दोन आठवडे टोकियोला आली होती. मी आकडा वाचला. कुणाला धक्का बसला नाही. एक सदस्य व्यापारी कंपनीतून निवृत्त झालेले होते आणि नोकरीनिमित्त तशा तीन-चार देशांत राहून आले होते. ते म्हणाले, "तिथे असंच असतं. बायका शिकतात, पण कामाला जात नाहीत. मी पाहिलंय." बाकीच्यांनी माना हलवल्या. माझीही मान हलली असावी. ऑफिसात एखाद्या चाचणीचा असा निकाल आला असता तर मी आधी चाचणीवर संशय घेतला असता. इथे घेतला नाही, कारण आकडा माझ्या मनात आधीपासून असलेल्या चित्राशी जुळत होता. पुण्यात मी तीस वर्षं राहिलो, पण एकाही मुसलमान घरात कधी जेवलो नव्हतो. ते चित्र कुठून आलं होतं कोण जाणे.

आपाने यादी मागून घेतली आणि बोट फिरवत खाली गेली. "भाई, ही नोकरीला आहे. हीसुद्धा. हिला तर मी स्वतः दारापर्यंत सोडून आले."

"आपा, तुम्हाला माहीत असेल, पण माझ्याकडे नोंद नाही. आणि केंद्र तुमचंच आहे, तेव्हा तुमच्या शब्दावर मला लिहिता येत नाही."

हे मी सगळ्यांसमोर बोललो. तिचं तोंड उतरलं, पण आवाज चढला नाही. "बरोबर आहे," ती म्हणाली. "मग मला एवढंच सांगा, फोन कधी केलात?"

"शनिवारी. तुमच्याकडे सुटी असते म्हणून मुद्दाम."

"सुटी ऑफिसांना असते, भाई. कारखाने शनिवारी चालू असतात. आमच्या बायकांना सुटी एकच, शुक्रवार. आणि कारखान्यात शिरताना फोन दारावर ठेवून घेतात." तिने यादी माझ्याकडे सरकवली. "ज्या घरी बसल्या होत्या किंवा त्या दिवशी रजेवर होत्या त्यांनी तुमचा फोन उचलला. ज्या कामावर होत्या त्यांना तुम्ही बेकार लिहिलंत."

अध्यक्षांसाठी हे मलाच जपानीत सांगावं लागलं. सांगता सांगता माझे कान तापले. नियमात फेरतपासणीची तरतूद नव्हती, पण अध्यक्षांनी एक आठवडा दिला.

"शुक्रवारी सकाळी करा," आपा निघताना म्हणाली. "दुपारी जुम्म्याच्या नमाजाहून पुरुष परत येतात, मग जेवणाच्या गडबडीत कुणी बोलणार नाही. आणि भाई, नव्या चाळीस बायका माझ्या दारात वाट बघताहेत. नीट करा."

शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा खरं ते सांगितलं, की एक मोजणी चुकली आहे. त्यांना ते लगेच पटलं. एक वाजता टेबलाशी बसलो आणि या वेळी फोन बायकोच्या हातात दिला. ज्या सतरा राहिल्या होत्या तेवढ्यांनाच करू, असं ती म्हणाली. मी चाळीसही जणींना करायला लावलं. वार बदलला तर तो सगळ्यांसाठी बदलला पाहिजे.

तीन वाजेपर्यंत छत्तीस जणी सापडल्या. घराघरांतून भांड्यांचे आणि पोरांचे आवाज येत होते. बायको प्रश्न विचारी, मग ऐके, मग हसे, मधेच "ओ मा!" म्हणे. मी रकाना भरत होतो. कुणी मिस्त्रीच्या हाताखाली होती, कुणी स्वतःच मिस्त्री झाली होती. एकीने सांगितलं की पहिला महिनाभर मशीन बंद पडलं तरी बायका तिला बोलवत नव्हत्या, पुरुष मिस्त्रीची वाट बघत बसायच्या. आता तिला घरून जेवण आणून देतात.

शेवटी बेरीज केली. एकोणीस. आधीच्या नऊपैकी एकीने बाळंतपणासाठी नोकरी सोडली होती. ती असती तर वीस झाले असते. नियमाला वीस हवे होते.

"बावीस," बायको म्हणाली.

"एकोणीस."

"त्या तिघी? ती तुमची 'ना' म्हणणारी आठवते का? तिच्या घराच्या ओट्यावर लोकांची सहा मशीनं दुरुस्तीला पडलीत. तेच सांगत होती ती तेव्हा, आणि तुम्ही धन्यवाद म्हणून मोकळे झालात. आणखी दोघी तशाच आहेत, घरीच काम करतात."

"प्रश्न कारखान्यातल्या नोकरीचा आहे."

"मग प्रश्नच चुकलाय."

"असेल. पण उत्तरं हातात आल्यावर प्रश्न बदलायचा नसतो. तसं केलं तर मला हवा तो कुठलाही आकडा काढता येईल."

"म्हणजे एका बाईसाठी चाळीस जणींना घरी बसवणार?"

माझं म्हणणं मला तेव्हाही बरोबर वाटत होतं, आजही वाटतं. पण त्या दोन रात्री मला नीट झोप लागली नाही. आकडा बरोबर असून झोप लागू नये, असं माझ्या बाबतीत कधी झालं नव्हतं. कारखान्यातल्या नोकरीशिवाय काम असतं हे मला माहीत नव्हतं असं थोडंच होतं? माझी मावशी वीस वर्षं घरी बसून शेजारणींचे ब्लाउज शिवायची. तरी कुठल्याही फॉर्मवर आम्ही तिच्या नावापुढे 'गृहिणी' असंच लिहीत आलो. नियम लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर गेट होतं, हजेरी होती, ओळखपत्र होतं. ओटा नव्हता.

रविवारी बैठकीत मी सांगितलं, "एकोणीस." आपाने मान खाली घातली. मग मी दुसरा कागद वाचला, त्या तिघींचा. "या तिघी घरी मशीन दुरुस्त करतात. यांना मी मोजलेलं नाही, कारण नियमात त्यांना जागा नाही. नियम मी लिहिला होता, आणि तो अपुरा लिहिला होता. आकडा मी बदलणार नाही. काय करायचं ते तुम्ही ठरवा."

निवृत्त व्यापारी म्हणाले की नियम तो नियम, आणि घरी दुरुस्ती करतो असं कुणीही सांगू शकतं. यात चूक काहीच नव्हतं. मीच त्यांच्या जागी असतो तर हेच बोललो असतो.

अध्यक्ष इतका वेळ डोळे मिटून ऐकत होते. ते म्हणाले, "सहा मशीनं म्हणालात ना? त्या बाईंना फोन लावा."

"आज रविवार आहे," मी म्हटलं. "त्यांचा कामाचा दिवस."

"म्हणूनच लावा."

मी नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन टेबलावर मधोमध ठेवला. बराच वेळ वाजला. अखेर कुणीतरी उचलला आणि मागून मशीनचा आवाज आला, थांबत थांबत, अडखळत. ती बाई दोन वाक्यं घाईघाईने बोलली आणि फोन बंद झाला. पुरतं अर्धं मिनिटही झालं नसेल.

"काय म्हणाल्या?" व्यापाऱ्यांनी विचारलं.

आपाला हसू आवरत नव्हतं. तिने मला सांगितलं, मी जपानीत केलं: "हात तेलाने भरलेत, मशीन उघडून ठेवलंय. शुक्रवारी करा."

सगळे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. ते अजून फोनकडेच बघत होते. "खालचा हूक सुईच्या मागे पडतोय," ते म्हणाले. "आवाजावरून कळतं, दोघांचं टायमिंग गेलंय. त्यांना सांगा, नुसता स्क्रू आवळून भागणार नाही, आधी सुई बदलून बघा."

"ते त्यांना माहीत आहे," आपा म्हणाली. "मीच शिकवलंय. तुम्हीच मला शिकवलंत."

दुसरी तुकडी मंजूर झाली. ठरावात माझा एकोणीसचा आकडा तसाच राहिला, आणि त्याखाली अध्यक्षांनी आपल्या हाताने लिहिलं की नियमाला अपवाद केला आहे. पुढच्या वेळचा प्रश्नही त्याच बैठकीत बदलला. बायकोने तो बंगालीत लिहून दिला आणि मी देवनागरीत उतरवून घेतला: गेल्या आठवड्यात तुमच्या हातून किती मशीनं दुरुस्त झाली? त्याखाली, त्या आणखी काय सांगतील ते लिहायला, मी पाच रिकाम्या ओळी सोडल्या. बायको म्हणाली, "दहा सोडा." मी सात केल्या.