कीबोर्डला हात न लावता बदललेली यादी

ती घटना आठवली की अजून स्वतःचाच राग येतो. तेव्हा मी शहादा तालुक्यात तपासी अधिकारी होतो.

एका शिक्षणसंस्थेने नोकरभरतीची निवड यादी वेबसाइटवर लावली होती. दुपारी एक उमेदवार मोबाईल घेऊन ठाण्यात आला. "साहेब, सकायले मन्हं नाव व्हतं. आते दुसरानं शे." सकाळी त्याने यादीचा फोटो काढून ठेवला होता, हे बरं केलं. तक्रार नोंदवून घेतली.

वेबसाइटच्या नोंदी मागवल्या. यादी संस्थेच्या ऑपरेटरच्या लॉगिनमधून बदलली होती. ही ऑपरेटर म्हणजे कळसाडी गावची एक मुलगी. संस्थेने तिला लगेच घरी बसवलं. महिला हवालदारासमोर मी तिचा जबाब घेतला.

"पान उघडलं होतंस?"

"हा साहेब. त्याच पानवर सुट्टीनी सूचना टाकानी व्हती. यादीले मी हात बी लावा नही."

"मग काय भुताने बदलली?"

ती रडली नाही. "मन्हा बाप गावमा तोंड कसं दखाडी, ते सांगा," एवढंच म्हणाली. असं बोलणारे मी पुष्कळ पाहिले होते. अटकेची तयारी केली.

पण तीन वेळा विचारूनही तिचं सांगणं तेच राहिलं. रचलेली हकीकत दर वेळी थोडी सुधारत जाते. शेवटी म्हटलं, "चल, करून दाखव." वेबसाइटच्या जुनी यादी असलेल्या प्रतीवर, पंचांसमोर तिने लॉगिन केलं, एडिटरमध्ये, म्हणजे पान दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पान उघडलं आणि हात मांडीवर ठेवले. पाच सेकंदांत नाव बदललं. एक पंच "आयला!" म्हणून उठलाच.

पानाच्या तळाशी भेटींची संख्या दाखवणारा काउंटर होता, आधीच्या ऑपरेटरने बसवलेला. त्यात छुपी स्क्रिप्ट, म्हणजे पान उघडताच आपोआप चालून यादीतलं नाव बदलणारा छोटा प्रोग्राम होता. पान हुबेहूब दिसावं म्हणून एडिटर तीही चालवायचा आणि लॉगिन केलेल्या माणसाचे सगळे अधिकार तिला आयते मिळायचे. हे त्या आधीच्या ऑपरेटरला ठाऊक होतं. त्याला ठाण्यात आणल्यावर, मेव्हण्याचं नाव घुसवल्याचं त्याने तासाभरात कबूल केलं.

एडिटर बनवणारे म्हणाले, स्क्रिप्ट थांबवली तर पान अर्धवट दिसतं. अहो, दिसू द्या की! साखर कारखान्यातला फिटरसुद्धा दुरुस्तीआधी यंत्र बंद करतो.

तिच्या वडिलांना सांगायला मी स्वतः कळसाडीला गेलो. ते कापसाच्या वावरात होते. ऐकून म्हणाले, "साहेब, तुमले समजाले आठ दिन लागनात. आमले पहिल्याच दिन म्हाईत व्हतं." आणि पुन्हा कामाला लागले.

ती त्या संस्थेत परत गेली नाही. लॉगिन कुणाचं, हे नोंद सांगते. कृत्य कुणाचं, हे त्यानंतर मी करून पाहिल्याशिवाय कधी लिहिलं नाही. पण तिचे ते आठ दिवस मला भरून देता आले नाहीत.