सारजाबाईचं लोकरीचं कोकरू

येडगावच्या धरणाकडेला सारजाबाईची साठेक मेंढरं चरायची. कातरलेल्या लोकरीला पूर्वी कुणी विचारत नव्हतं, ती बांधावर फेकली जायची. मग आळेफाट्याजवळ खेळण्यांचा कारखाना निघाला. सारजाबाई लोकर पिंजायची, गरम साबणपाण्यात चोळून घट्ट करायची आणि त्या गोळ्यातून कान, नाक, शेपूट काढत तळहाताएवढं कोकरू उभं करायची. नऊ वर्षं तिची कोकरं परदेशात जात होती. नवरा म्हस्कू वारला तेव्हा कळप मोडायचा सल्ला सगळ्यांनीच दिला. ती म्हणाली, "ह्या खेळण्यांच्या जिवावर पोशीन की मी."

गेल्या वर्षी पुण्याहून प्राची नावाची मुलगी आली. परदेशातल्या गिऱ्हाइकानं कारखान्याला अट घातली होती. एकेका खेळण्यापायी हवेत किती कार्बन जातो, तो आकडा खोक्यावर छापायचा. लपवाछपवी चालणार नाही. तोच आकडा काढायला प्राची आली होती.

"म्हंजी धूर का?" सारजाबाई हसली. "माज्या कोकराला कुठला आलाय धूर? लाईटबी लागत न्हाई."

प्राचीनं विचारलं, मेंढरं किती, खातात काय, लोकर किती निघते. सारजाबाई खुलली. इतकं बारकाईनं तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. दिवसभर रवंथ करतात, ढेकर देतात, सगळं सांगितलं तिनं. "खरं त्येच लिव्ह, पोरी."

दिवाळीनंतर आकडे आले. सगळ्या खेळण्यांत जास्त आकडा तिच्या कोकराचा! मेंढरांच्या ढेकरांतला वायू हवा तापवतो, आणि त्यातला मोठा वाटा लोकरीच्या नावावर पडला होता. त्यापुढं प्लॅस्टिकच्या धाग्याचं कोकरू साव ठरलं. गिऱ्हाइकानं लोकरीची मागणी बंद केली.

सांगायला प्राची स्वतः आली. "मावशी, ही लोकर नाहीतरी फेकलीच जात होती, हे मी त्यांना कळवलं. पण त्यांच्या नियमात ते बसत नाही."

सारजाबाई म्हणाली, "मी खोटं सांगाया पायजे व्हतं का गं?"

प्राचीनं तिचा हात धरायला पाहिलं, तर सारजाबाईनं तो हळूच सोडवून घेतला.

चैत्रात विकलेली मेंढरं न्यायला व्यापाऱ्याचा टेम्पो आला. मेंढरं परक्या माणसाला बधेनात. शेवटी सारजाबाईनंच एकेकाला कवेत घेऊन वर चढवलं. तिचा हात लागला की ती मुकाट चढत होती, आणि तेच तिच्या काळजाला डागत होतं. दोन दिवस तिनं चूल पेटवली नाही.

कारखान्यानं तिला काढलं मात्र नाही. आता ती प्लॅस्टिकच्या कापडाच्या कोकरांत कापूस भरते, तोही प्लॅस्टिकचाच. परवा तिथले मुकादम कुंडलिकभाऊ कौतुकानं म्हणाले, "सारजाबाई, लई झकास जमतंय तुमाला."

तिनं हातातलं कोकरू नाकाशी नेलं, हुंगलं. कसलाच वास नव्हता.

"जमतंय, भाऊ," ती म्हणाली, आणि दुसरं कोकरू भरायला घेतलं.