लाईट होती, गिरणी बंद होती

निवृत्तीला सहा वर्षं झाली. बरेच गुन्हे आता आठवतही नाहीत. ती घटना मात्र डोक्यातून जात नाही. घटना म्हणतो, पण त्या दोन होत्या. गाव एकच, बीड जिल्ह्यातलं. मुली एकाच शाळेतल्या, दोघीही दहा वर्षांच्या आतल्या. मध्ये सव्वा वर्षाचं अंतर, आणि दोन्ही तपास माझ्याकडेच.

पहिली मुलगी बौद्ध वस्तीतली, आईवडील शेतमजूर. दुपारी दळणाचा डबा घेऊन गिरणीवर गेली ती परतली नाही. दुसऱ्या दिवशी पडक्या विहिरीत प्रेत मिळालं. मी पंचनामा केला, अकस्मात मृत्यूची नोंद घेतली. शवविच्छेदनात बुडून मृत्यू असं आलं. आईला ठाण्यातल्या बाकावर बसवून जबाब घेतला.

"साहेब, पोरगी त्या इहिरीकडं कदी जायची न्हाई," ती म्हणाली. "मी हुडकत गिरणीवर गेलते. लाईट व्हती अन् गिरणी बंद व्हती. कावून बंद व्हती ते इचारा की."

आमच्याकडे लाईट असताना गिरणी बंद राहत नाही. लाईट गेली की बंद होते. हे मलाही कळायला हवं होतं. हवालदार लिहायचा थांबला आणि माझ्याकडे पाहू लागला.

"मुद्द्याचं तेवढं घ्या," मी म्हणालो.

जबाब अर्ध्या पानात आटोपला. तिने खाली नीट अक्षरात सही केली. महिन्याभरात कागद बंद झाले.

दुसरी मुलगी गावातल्या मोठ्या बागायतदाराची. घरात राजकारण. ती बेपत्ता झाल्यापासून तासाभरात मला तीन फोन आले. बीडहून श्वानपथक आलं, टॉवरचा डेटा मागवला, चार पथकं नेमली. तिसऱ्या दिवशी ओढ्याच्या पुलाखाली प्रेत मिळालं. गळ्यावर खुणा होत्या. जबाब घ्यायला या वेळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. मुलीची चुलती सांगत होती, "दळण झालं का बघाया धाडली व्हती. आमी हाका मारीत गेलो तवा लाईट व्हती, पर गिरणी बंद व्हती."

हवालदाराने ते शब्दन् शब्द लिहून घेतलं. मग माझ्याकडे न बघताच हळू म्हणाला, "साहेब, हे आपण आधी ऐकलंय."

गिरणीवाला पन्नाशीचा, गावात मान असलेला माणूस. मुलीला शोधणाऱ्यांत तो सगळ्यांत पुढे होता. झडती घेतली तेव्हा पोत्यांच्या मागे स्टीलचा एक डबा सापडला. बुडाला एका बाईचं नाव कोरलेलं होतं. नाव पहिल्या मुलीच्या आईचं होतं.

डब्याचा फोटो घेऊन मी वस्तीत गेलो. तिने बुडावरच्या नावावर बोट ठेवलं.

"माजाच हाय. दोनदा मागाया गेलते. तुजी पोर हिकडं आलीच न्हाई म्हन्ला."

"हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुमी परत आलाच न्हाई," ती म्हणाली.

चौकशीत दीड दिवस गिरणीवाला एकच सांगत होता: पोट दुखत होतं म्हणून गिरणी बंद केली. मी आवाज चढवला नाही. फोटो समोर ठेवला.

"लोक इसरून जात्यात डबे," तो म्हणाला.

"मुलीची आई तो मागायला दोनदा आली होती."

त्याने पाणी मागितलं. अर्धा ग्लास प्यायला आणि म्हणाला, "आलती पोरगी." संध्याकाळी पंचांसमक्ष त्याने दुसऱ्या मुलीच्या चपला उकिरड्यातून काढून दिल्या. पुढचं मी इथे लिहीत नाही. दोन्ही घरांनी ते एकदा ऐकलं आहे, तेवढं पुरे.

दुसऱ्या खुनात त्याला जन्मठेप झाली. पहिल्यात तो सुटला. व्हिसेरा राखून ठेवलेला नव्हता, विहिरीभोवतीची माती तपासलेली नव्हती. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात धरत नाहीत, आणि एकटा डबा पुरावा म्हणून पुरला नाही. उलटतपासणीत वकिलाने मला विचारलं, "गिरणी बंद होती हे आईने तेव्हाच सांगितलं होतं म्हणता, मग जबाबात का नाही?"

"तिने सांगितलं होतं. मी लिहून घेऊ दिलं नाही," मी म्हणालो.

निकालाच्या दिवशी ती कोर्टाच्या आवारात लिंबाखाली उभी होती. मी जवळ गेलो. तीच म्हणाली, "साहेब, तवाच लिवून घेतलं असतं तर ती दुसरी पोर वाचली असती."

ती रागावलेली नव्हती. स्वतःच्या मुलीचा खटला नुकताच हातचा गेला होता, आणि ती बागायतदाराच्या मुलीबद्दल बोलत होती.

नंतर माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या फौजदाराला मी दोन्ही फायली वाचायला दिल्या. एक बोटभर जाडीची, दुसरी नऊ पानांची. दोन्हींवर तपासी अंमलदार म्हणून माझीच सही आहे. बाकी काही समजावून सांगावं लागलं नाही.