दादाच्या वाघाचे डोळे

दसरा तोंडावर आला तसा मी भुसावळहून निघालो. माझा थोरला भाऊ, दादा, इंदूरला टांगे रंगवता रंगवता तिथंच वारला. त्यानं काढलेला एक वाघ अजून राजवाड्यापाशी एका टांग्याच्या मागच्या फळीवर फिरतो, असं कानावर आलं होतं. तो बघायचा होता. मीही टांगेच रंगवतो. शाळा दुसरीपर्यंत झाली, पण वाघ कसा काढावा हे मला कुणी शिकवू नये.

खांडव्याला गाडी बदलली. घाट चढताना शेजाऱ्यानं विचारलं, "बाबा, नवा झालेला मध्य प्रदेश बघायला निघालात?"

"वाघ बघायला."

तो जरा सरकूनच बसला.

इंदूरला उतरून पोहे खाल्ले. सोबत जिलबी! पोह्यांबरोबर गोड म्हणून नाक मुरडलं, आणि मग दुसरी मागवली.

राजवाड्याच्या अड्ड्यावर बाबूराव टांगेवाला सापडला. त्याचा आजा संस्थानच्या घोडदळात होता म्हणे, म्हणून मिशी अजून ताठ. त्याच्या टांग्यामागं वाघ होता खरा, पण गुबगुबीत, मांजरासारखा. हा दादाचा हात नव्हे. माझं डोकंच फिरलं.

"माझ्या भावाचा, दादाचा वाघ कुठंय?"

"काकाजी, दर दसऱ्याला जुना रंग खरवडून नवा देतो. आमची रीतच आहे."

"म्हणजे पुसलात!"

"अरे सुनो तो भिया (अहो भाऊ, ऐका तरी)! आधी हात लावून बघा."

त्यानं माझं बोट धरून वाघाच्या डोळ्यावर टेकवलं. तिथं रंग जाड लागला, कडेला धार. "डोळे दादांचेच. खरवडताना तेवढे सोडतो. मागचे टांगेवाले दबकून राहतात. अंग कुणीही काढील, ही नजर कहां से लाऊं?"

नजर तिरपी होती. यावरूनच आमचं जन्मभर वाजलं. मी म्हणायचो, वाघ सरळ बघतो. दादा म्हणायचा, मागून येणाऱ्याकडे तिरपंच बघावं.

"यंदा अंग तुम्हीच काढा," बाबूराव म्हणाला. "का दादांच्या डोळ्यांना घाबरता?"

"घाबरतंय माझं खेटर!"

सियागंजच्या बाजारातून रंग आणले. बाबूरावनं मांजर खरवडलं. उरले नुसते दोन डोळे, माझ्याकडे तिरपे बघत. मी मान सरळ काढली, ती बसेना. पुसली. परत सरळच काढली, परत पुसली. शेवटी मान वळवली. वाघ उठून उभा राहिला.

दसऱ्याच्या पूजेत बाबूरावनं घोड्याच्या आधी वाघाला कुंकू लावलं.

परतीच्या गाडीत नखांत पिवळा रंग तसाच होता. मी अजूनही म्हणतो, वाघ सरळच बघतो. पुढच्या दसऱ्याला मी काढलेलं अंग खरवडून टाकतील. टाकू देत. डोळ्यांना कुणी हात लावणार नाही.