मेधावहिनींच्या तोंडची भाषा

मी शाळेत सायन्स शिकवते. भूत, करणी, अंगात येणं असले विषय स्टाफरूममध्ये निघाले की मी चहाचा कप घेऊन सरळ उठते. इथले अनुभव बऱ्याच वर्षांपासून वाचतेय, पण करमणूक म्हणून. त्यामुळे आपलंच काही इथे लिहावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं. नावं बदलली आहेत. बाकी सगळं जसं घडलं तसं लिहितेय.

आधी एक सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला स्वाहिली बोलता येते.

एमएस्सीनंतर खारफुटीच्या अभ्यासासाठी मी टांझानियात, दार-एस-सलामला होते. नाशिक सोडून पहिल्यांदाच बाहेर पडलेली... सुरुवातीचे दिवस रडण्यातच गेले. वीज केव्हा जाईल सांगता यायचं नाही, अंघोळ बादलीभर पाण्यात. डालाडाला म्हणजे तिथली मिनीबस, तिच्या दाराला लोंबकळणारा कंडक्टर काय ओरडतोय ते कळायचं नाही आणि मी भलत्याच टोकाला जाऊन उतरायचे. मग घरमालकीण मामा रेहेमाने मला हाताशी धरलं. ती भाजी चिरायला बसवायची आणि बोलायला लावायची. अर्धी भाषा तर ओळखीचीच निघाली. चाय, चपाती, साबणाला साबुनी, बर्फाला बाराफू. मोठा घोळ नात्यांचा - तिकडे 'मामा' म्हणजे आई, आणि 'दादा' म्हणजे मोठी बहीण.

आणि एक रीत. वडीलधारं माणूस दिसलं की 'शिकामो' म्हणायचं. मूळ अर्थ, तुमचे पाय धरते. त्यावर समोरच्याने 'मराहाबा' म्हणायचं. शिकामोला उत्तर न देणं म्हणजे त्या माणसाला माणूसच न समजणं, असं मामा रेहेमा सांगायची.

लग्नानंतर मी कतारला, दोह्याला आले. ओल्ड एअरपोर्ट भागात आमचं कंपाउंड आहे, एकाला एक लागून व्हिला. आमच्या शेजारी सतीशदादा आणि मेधावहिनी, मूळचे सांगलीचे. दादा माझ्या नवऱ्याच्या, निखिलच्या कंपनीत सीनियर. वहिनी म्हणजे आमच्या मराठी ग्रुपचा कणा. गणपतीचा प्रसाद त्यांच्याकडे, नवीन आलेल्यांना पहिलं जेवण त्यांच्याकडे. मलाही पहिल्या दिवशी त्यांनीच पिठलं-भाकरी आणून दिली होती. हे मुद्दाम सांगतेय, कारण माणूस एका बाजूने चांगला असतो तेव्हा दुसरी बाजू कुणाला बघायचीच नसते.

त्यांच्या मुलीला, इराला सांभाळायला नीमा आली. टांगाची, टांझानियाच्या किनाऱ्यावरची. मी कुंपणाजवळ तिला "हबारी?" म्हणून कशी आहेस विचारलं, तर तिच्या हातातला कपड्यांचा पिळा खाली पडला. त्यानंतर मी तिची 'दादा' झाले. मी सतीशना दादा म्हणते हे ऐकून ती भिंतीला टेकून हसायची.

पण हसण्यासारखं तिथे फार नव्हतं. तिचा फोन वहिनींच्या कपाटात असायचा. आठवड्याची सुट्टी नाही. जेवण सगळ्यांचं उरकल्यावर, उरलं तर. मी डबा दिला की वहिनी हसत म्हणायच्या, "अनघा, तिला लाडावून ठेवू नकोस हं. उद्या तू निघून जाशील, मला निस्तरावं लागेल." मी सतीशदादांशी बोलले, निखिलही बोलला. दादा म्हणाले, "घरातलं मेधा बघते." रोज सकाळी नीमा स्वयंपाकघरात शिरताना "शिकामो, मामा" म्हणायची. आमच्या खिडकीतून ऐकू यायचं. वहिनींचं उत्तर कधीच नाही. "आधी दूध तापव" - एवढंच.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नाशिकला गेले. परत आले तेव्हा नीमा नव्हती.

अपेंडिक्स फुटलं होतं. हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. बॉडी टांगाला पाठवलीसुद्धा होती.

ग्रुपमधल्या बायका वहिनींचं सांत्वन करायला जमल्या होत्या. हो, वहिनींचंच. त्या डोळे टिपत सांगत होत्या, "काही बोललीच नाही गं ती. भाषा येत नव्हती ना तिला. आपल्याला कसं कळणार काय होतंय ते?"

तेवढ्यात इरा माझ्याजवळ सरकली. तिला मराठी कळतं, पण बोलते इंग्लिश. हळूच म्हणाली, "शी सेड तुम्बो, तुम्बो. दॅट्स टमी. आय टोल्ड आई."

बायका गेल्यावर मी वहिनींना विचारलं. त्यांनी कप उचलता उचलता सांगितलं, "कामाच्या दिवशी बरोबर पोट दुखतं त्यांचं. ओवा दिला होता मी. आणि अनघा, झालं ते झालं. खलास. पोरीच्या डोक्यात काही भरवू नकोस."

मी घरी आले आणि बाथरूमचा नळ सोडून रडले. देवाबिवाला मी मानत नाही. पण त्या दिवशी मनात आलं, या बाईला एकदा तरी असं व्हावं, की ही ओरडतेय आणि कुणाला काही कळत नाहीये. शब्द हेच होते. मी ते कुणाजवळही बोलले नाही, निखिलजवळसुद्धा नाही.

शाळा सुरू झाली. एका सकाळी मी डबा भरत होते. शेजारच्या स्वयंपाकघरात वहिनी एकट्याच होत्या, खिडकीतून दिसत होत्या. दाराकडे पाठ. मध्येच थांबल्या, कुणी मागून हाक मारावी तशा, आणि म्हणाल्या, "मराहाबा."

आवाज त्यांचाच, पण नाखुशीचा. कुणीतरी वदवून घेतल्यासारखा.

निखिलला सांगितलं तर तो हसला. "अगं, अरबीत मरहबा म्हणतातच की. ऑफिसमध्ये दिवसभर कानावर पडतं." मलाही ते पटलं... पटवून घेतलं. पण अरबी मरहबा म्हणजे आपण होऊन केलेलं स्वागत. ही बाई रोज सकाळी थांबायची, ऐकायची, आणि मग उत्तर द्यायची. न ऐकू येणाऱ्या कशाला तरी.

थंडी पडता पडता वहिनी वाळत चालल्या. ग्रुपमध्ये येईनाशा झाल्या. एकदा लिफ्ट द्यायला इराला गाडीत घेतलं तर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आई टॉक्स लाइक नीमा नाऊ." मी विचारलं, काय बोलते? तिने खांदे उडवले. "जस्ट नीमा थिंग्ज."

मग तो शुक्रवार. दुपारचा नमाज होऊन रस्ते नुकतेच मोकळे झाले होते. सतीशदादा आमचं दार ठोठावत होते. "अनघा, चल लवकर. मेधाला काय झालंय कळत नाही. काहीतरी बरळतेय."

वहिनी सोफ्यावर पोट धरून वाकल्या होत्या. मला बघताच त्यांनी माझा हात पकडला आणि म्हणाल्या, "तुम्बो लिनाउमा."

पोट दुखतंय. स्वच्छ, किनाऱ्याकडच्या हेलात. 'तुम्बो' हा शब्द त्यांनी नीमाच्या तोंडून ऐकला असेल, हे मान्य. पण गाडीत बसल्यावर त्या सलग बोलू लागल्या. कालपासून दुखतंय, उजवीकडे सरकलंय, ताप आहे, उलटी होते, पाणीसुद्धा ठरत नाही. व्याकरणात एक चूक नाही. मला तिथे राहूनही इतकी सफाई कधी आली नाही.

आणि त्यांना वाटत होतं की त्या मराठीत बोलताहेत. सतीशदादा म्हणाले, "मेधा, नीट बोल गं, मराठीत बोल." तर त्यांच्यावर डोळे वटारून, रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "म्बोना हमनिएलेवी?"

तुम्हाला माझं बोलणं का कळत नाहीये?

हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत पडद्यामागे डॉक्टरांनी इंग्लिशमध्ये विचारलं, मग हिंदी येणारी एक नर्स आली. कुठे दुखतं, केव्हापासून, आधी काही खाल्लं का. वहिनी दर वेळी नेमकं उत्तर देत होत्या, पण स्वाहिलीतच. डॉक्टरांनी पोटाला हात लावला की किंचाळून त्यांचा हात झटकत होत्या, तपासूच देत नव्हत्या. डॉक्टर दादांना विचारू लागले, आधी कधी मानसिक त्रास होता का? नर्सने शांत व्हायचं इंजेक्शन काढायला घेतलं.

त्या खोलीत ती भाषा कळणारी मी एकटी होते, आणि मी अजून कुणाला काही सांगितलं नव्हतं.

खोटं कशाला लिहू... मला बरं वाटलं. वहिनी माझ्याकडे बघत होत्या, त्यांना माहीत होतं मला कळतंय. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. मनात म्हटलं, बोला वहिनी. भाषा येत नाही ना तुम्हाला. आम्हाला कसं कळणार?

तेवढ्यात पडद्याखालून मला इराचे बूट दिसले. बाहेर खुर्चीवर बसून ती पाय हलवत होती.

मी वाकले आणि वहिनींच्या कानाशी म्हणाले, "नीमा. बासी. इनातोशा." बस्स, पुरे झालं. अंधारात खडा टाकावा तसं ते माझ्या तोंडून गेलं, विचार करून नाही.

वहिनींचं विव्हळणं थांबलं. चेहरा एकदम शांत झाला. त्यांनी मान वळवली, आणि अगदी प्रेमाने, समजूत काढल्यासारखं मला म्हणाल्या, "बादो, दादा."

अजून नाही, ताई.

मेधावहिनींनी मला आयुष्यात कधी ताई म्हटलं नव्हतं.

पुढच्याच क्षणी त्या पुन्हा वेदनेने वाकल्या. मी डॉक्टरांकडे वळून सगळं भडाभडा इंग्लिशमध्ये सांगितलं - उजवीकडे, कालपासून, ताप, उलट्या. त्यांनी इंजेक्शन थांबवलं, स्कॅन केला आणि लगेच ऑपरेशनला नेलं. अपेंडिक्सच होतं. अजून थोडा वेळ गेला असता तर फुटलं असतं, असं ते नंतर म्हणाले.

आम्ही बाहेर बसलो असताना एक केनियन नर्स कागदावर सही घ्यायला आली. वहिनींना आत नेताना तिनेच हात धरला होता. माझ्याशी स्वाहिलीत बोलली, "या मॅडम टांगाच्या का? मी मोंबासाची. बोलण्यावरून वाटलंच तिकडच्या."

मी म्हटलं, "नाही. सांगलीच्या."

तिला वाटलं मी एखाद्या गावाचं नाव सांगितलं, टांगाजवळच्या. मान डोलावून निघून गेली.

वहिनी वाचल्या. शुद्धीवर आल्या त्या मराठीत पाणी मागतच. त्यांना काही आठवत नव्हतं. हिवाळा संपायच्या आत सतीशदादांनी नोकरी सोडली आणि ते पुण्याला गेले. निरोपाला वहिनी मला भेटल्या नाहीत.

मी यावर खूप डोकं चालवलं. तापात मेंदू जुने ऐकलेले शब्द बाहेर काढतो, हे वाचलंय. नीमा इराशी सतत बोलायची, ते कानावर पडत असणार. पण घरात तिला स्वाहिलीत उत्तर देणारं कुणीच नव्हतं. मग विचारलेल्या प्रश्नांना नेमकी उत्तरं देण्याइतकी भाषा कुठून आली? माझ्या मनातल्या वाक्याचं काय? ते मीच घडवलं का, की कुणीतरी ऐकलं? निखिल म्हणतो, योगायोग. असेलही. माझ्याकडे दुसरं काही स्पष्टीकरण नाही, आणि खरं सांगायचं तर मी ते शोधायचं सोडून दिलंय.

गेल्या महिन्यात सतीशदादांचा फोन आला. इकडचं तिकडचं विचारून झालं, मग अडखळत म्हणाले, "अनघा, मेधा आता बरी आहे गं. फक्त जेवायला बसली की... भरलेलं ताट पुढे असतं, पोटभर जेवते, आणि हात धुऊन आली की एकच वाक्य म्हणते. दोन्ही वेळेला. 'बादो सिजाला' असं काहीतरी. त्याचा अर्थ काय?"

मी सांगितला. 'मी अजून जेवले नाही.'

मग ते म्हणाले, "पण ती तर माझ्यासमोर जेवते."

मी म्हटलं, "हो दादा. मेधावहिनी जेवतात." आणि फोन ठेवला.