खाणवाल्याची कादंबरी आधी

एव्हारिस्तो चिरूट वळायला बसला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं, आणि आता डोक्यावर काळा केस शोधावा लागायचा. मधल्या काळात त्याने दुसरं काही केलं नाही. लग्न झालं होतं, पण बायको माहेरी गेली ती तिकडेच राहिली. घर भाड्याचं, खुर्ची कारखान्याची. स्वतःचं म्हणावं असं पानं कापायचं एक पातं आणि कानांनी ऐकलेल्या कादंबऱ्या, बस्स. सहीच्या जागी अंगठा उठवणारा माणूस, पण कुठल्या कादंबरीत कोणी कोणाचा घात केला ते विचारा, घरातलं भांडण सांगावं तसं सांगायचा.

आमच्या पिनार देल रियो गावच्या चिरुटांच्या कारखान्यांत ही रीतच आहे. हात पानांवर गुंतलेले, कान मोकळे, म्हणून उंच चौथऱ्यावर वाचक बसतो. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. त्याचा पगार मालक देत नाही, वळणारे आपल्या खिशातून देतात, म्हणून काय वाचायचं तेही तेच ठरवतात. वाचक दोन पुस्तकं पुढे ठेवतो. ज्याच्यासाठी फळीवर जास्त पाती आपटतील ते आधी, दुसरं मागून. आता आधी काय नि मागून काय, असं कोणालाही वाटेल. पण जाडजूड कादंबरी चार-चार महिने चालते, आणि धर्मादाय दवाखान्यातला डॉक्टर एव्हारिस्तोला म्हणाला होता, बाबा, उन्हाळा काढलास तरी पुष्कळ झालं.

क्षय झाला होता. हा शब्द कारखान्यात कोणी तोंडातून काढत नसे. क्षयवाल्याच्या हातचा चिरूट कोण ओठात धरणार? कळलं की खुर्ची गेलीच. त्यामुळे झाकली मूठ सव्वा लाखाची. खोकला लपवायला फार कष्ट नव्हते, तंबाखूच्या धुळीत सगळेच खोकतात. पंचाईत वेगळीच होती. मनाई असली तरी सगळे चिरुटाचं टोक थुंकीनेच चिकटवतात, सारखं डिंकाच्या वाटीत बोट बुडवायला वेळ कोणाला असतो! एव्हारिस्तोने मात्र हल्ली डिंक धरला होता. शेजारच्या खुर्चीवरच्या ओब्दुलियाच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

"डिंक? मोठा साहेब झालास की काय रे?"

दाढ दुखते, म्हणाला तो. बाईने नाक मुरडलं आणि विषय सोडला.

ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस चालू होते. जुनी कादंबरी संपली आणि सालुस्तियानो मास्तरांनी, म्हणजे वाचकाने, नवी दोन पुस्तकं काढली. दोन्ही जुनी, नावाजलेली. एक दरबारातली: राणी, विषाचा पेला, तलवारी, सगळा मसाला. दुसरी खाणवाल्याची. त्यात खाण कोसळते, थोरला भाऊ धाकट्याला खालीच टाकून वर येतो आणि घरी आईकडे चालत निघतो. एव्हारिस्तोचा जीव गलबलला. पोरवयात, पहिल्या कारखान्यात, त्याने ही ऐकली होती. भाऊ आईच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि त्याच दिवशी वादळाने कारखान्याचं छप्पर उडवलं. पुस्तक भिजून लगदा झालं. तो आईला खरं सांगतो का, हे एव्हारिस्तोला आयुष्यभर कळलं नव्हतं.

मास्तरांनी कौल घेतला. दरबारासाठी पात्यांचा नुसता दणदणाट. पानांच्या शिरा काढणाऱ्या पोरींनी तर टाळ्याही वाजवल्या. खाणवाल्यासाठी इकडून तिकडून थोडी टकटक, त्यात एव्हारिस्तोची. ओब्दुलिया हसली. "मेलेल्या भावाचं रडगाणं ऐकायचंय कोणाला? तुझी नंतर लावू, पळून जातेय का कुठे?"

एव्हारिस्तो उठला. उठायचं त्याने ठरवलं नव्हतं, पायच उठले. "पुस्तक कुठे जात नाही," तो म्हणाला. "मी जातोय. क्षय आहे मला. दरबार संपेपर्यंत मी नसेन. आधी खाणवाला वाचा."

दालनात हाताखालच्या पानांची सळसळसुद्धा थांबली. मग कोणीतरी पातं आपटलं, पाठोपाठ दुसऱ्याने, आणि बघता बघता सगळं दालन घणघणलं. आपटून आपटून ओब्दुलियाच्या हाताला पातं लागलं, तरी ती थांबेना. एव्हारिस्तोचे डोळे भरून आले. एवढा मान त्याला जन्मात मिळाला नव्हता.

आवाज शमला, तेव्हा मुकादम त्याच्या खुर्चीपाशी येऊन उभा होता. ओब्दुलियाने आपली खुर्ची जराशी पलीकडे सरकवली आणि मान खाली घातली. एव्हारिस्तोने पातं खिशात घातलं आणि तो चालू लागला. त्याने मागितलेली कादंबरी त्याच दुपारी सुरू झाली, त्याच्याशिवाय.

मास्तर म्हणाले होते, रविवारी घरी येऊन वाचून दाखवीन. पण त्यांची पोरं लहान. एक रविवार गेला, दुसरा गेला, ते आले नाहीत. त्यांना तरी काय बोल लावायचा?

मग एव्हारिस्तो दुपारी कारखान्याच्या भिंतीला टेकून बसू लागला. वळायच्या दालनाच्या खिडक्या कायम बंद असतात, वारा लागला की पान वाळतं. आतून नुसती गुणगुण यायची. ओब्दुलियाने मुकादमाची मनधरणी करून एक खिडकी उघडून घेतली. आहाहा, मास्तरांचा आवाज! खाण, दिवे, दोघे भाऊ, सगळं पुन्हा कानावर आलं. एव्हारिस्तो डोळे मिटून ऐकत राहिला आणि खोकला आला की तोंडात सदऱ्याची बाही कोंबायचा, एक शब्द चुकायला नको.

पण उपासाच्या दिवसांतला आमच्याकडचा दक्षिणेचा वारा म्हणजे भट्टीची फुंकर. काही दिवसांनी एव्हारिस्तो आला तर खिडकी बंद. दुसऱ्या दिवशीही बंदच.

कारखाना सुटल्यावर ओब्दुलिया बाहेर आली आणि रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला थांबली. आताशा सगळे तेवढं अंतर ठेवूनच बोलायचे.

"खिडकी मी लावली, एव्हारिस्तो," ती तिथूनच म्हणाली. "मुकादमाने नाही."

"पानं फाटत होती?"

"हात लावला की भुगा. नगावर पैसे आपले. पोरी रडकुंडीला आल्या होत्या."

"मग लावायलाच हवी होती," तो म्हणाला. आत असता तर पहिल्याच दिवशी त्यानेच उठून लावली असती. "कुठवर आलंय?"

ओब्दुलियाने खांद्यावर उगाच हात फिरवला. "धाकटा खालून हाका मारतोय. थोरला ऐकतोय, पण वर चढतोय."

"आणि आई? दार?"

"ते लांब आहे अजून."

"रोज सांगशील? इथूनच. ओरडून सांगितलंस तरी चालेल."

तिने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला. माणसं बाहेर पडली, पांगली, रस्ता रिकामा झाला. एव्हारिस्तो भिंतीशी उभाच होता. ओब्दुलिया मागच्या दाराने घरी गेली होती.