दोन दिवस पाय ठेवू नका

चाकणच्या कंपनीतली आमची लाइन बंद झाली तेव्हा मी आणि बायकोने नकली गवताचं काम धरलं. मी आधी बॉक्स क्रिकेटच्या टर्फवर मजुरी करून ते शिकलो, मग तिला शिकवलं. दापोडीहून स्कूटरवर निघायचं. मागे बायको, पुढे पायाशी गमचे डबे. उन्हाळ्यात गवत घालायचं आणि पावसाळाभर तेच दुरुस्त करत फिरायचं.

लोकांना वाटतं प्लास्टिकच आहे, त्याला पाऊस काय करणार? पण जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे पाऊस थांबला तरी हवा ओलीच राहते. पात्यांच्या मुळाशी शेवाळ धरतं, खाली साचलेल्या पाण्याला घाण वास सुटतो आणि दोन पट्ट्या जिथे जोडलेल्या असतात तिथला गम हात टेकतो. ओल्या हवेत लावलेला गम वरून वाळल्यासारखा दिसतो, पण आत फेस धरून मऊच राहतो. हे मला चांगलं माहीत होतं. म्हणूनच पुढचं सांगताना जीभ जड होते.

ताथवड्यात एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक काका-काकू राहत. काका चिंचवडच्या कारखान्यात टूलरूममधून रिटायर झालेले, केसाएवढा फरकही डोळ्यांना दिसणारा माणूस. काकूंना झटका येऊन गेला होता. डावा पाय ओढत चालायच्या, आणि बोलणं जवळजवळ गेलेलं. एक 'बरं' तेवढं उरलं होतं. चहा हवा का, तर बरं. दुखतंय का, तरी बरं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी रोज अनवाणी गवतावर चालायला सांगितलं, आणि सोसायटीत तर जिकडे तिकडे सिमेंटचे ब्लॉक. म्हणून काकांनी घराला लागूनच्या टेरेसवर माझ्याकडून नकली गवत घालून घेतलं.

ते घालतानाच माझ्या लक्षात आलं होतं की फरशीचा ढाळ उलटा आहे. पाणी निचऱ्याच्या नळीकडे जायच्या ऐवजी घराकडे यायचं. काकांना सांगितलं, तर म्हणाले, "बिल्डरने करून ठेवलंय, आता काय फोडत बसणार?" मीही जास्त ताणलं नाही.

दोन पावसाळे आम्ही तिथे जात राहिलो. शेवाळ घासायचं, औषध मारायचं, सुटलेला सांधा चिकटवायचा. काकू दारात खुर्ची टाकून बघत बसायच्या. बायकोने पाण्याचा ब्रश मारला की त्या उजवा हात पुढे करून पाती चाचपायच्या आणि हसायच्या.

तिसऱ्या पावसाळ्यात काकांचा फोन आला. "गवत फुगलंय रे. मधला सांधा पूर्ण उघडा पडलाय. चार दिवस झाले, हिचं चालणं बंद आहे."

आम्ही जाऊन कोपरा उचलला. खाली काळं पाणी आणि त्यात गांडुळं. तिसऱ्या मजल्यावर ती कुठून आली कोण जाणे. बायको मला हळूच म्हणाली, "अहो, हे आता चिकटवू नका. काढून टाका म्हणून सांगा."

मी काकांना म्हणालो, "काका, ढाळ नीट केल्याशिवाय हे टिकायचं नाही. पाऊस संपू द्या, फरशी फोडून करू."

"आणि तोवर ती चालणार कुठे? आत दोन खोल्यांत फिरून पाय आखडलाय तिचा."

काकू चप्पल काढून, काठी धरून दारात उभ्याच होत्या.

मी पाणी काढलं, फरशी फडक्याने पुसली, हीटर लावला. सांध्याखाली नवी जोडपट्टी टाकून गम ओतला आणि वरून विटा ठेवल्या. काकांनी विचारलं, "किती दिवस?"

चार दिवस सांगायला हवं होतं. खरं म्हणजे त्या हवेत चारही कमीच होते. पण काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"दोन दिवस पाय ठेवू नका," मी म्हणालो.

"बरं," काकू म्हणाल्या.

बायकोने गमच्या डब्यांची झाकणं लावली आणि आम्ही निघालो.

त्यानंतर काकांचा फोन आला तो थेट थंडीत. "गवत काढून न्यायचंय," एवढंच बोलले. आम्ही गेलो तर खुर्चीवर काकूंच्या फोटोला हार. काकांनी सांगितलं, गम लावल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सांधा पायाखाली सरकला आणि त्या पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण त्या अंथरुणावरून उठल्याच नाहीत. दिवाळीच्या आधी गेल्या.

बायको तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. मी म्हणालो, "काका, मला चार दिवस सांगायचं होतं. कळत होतं मला. त्यांच्याकडे बघून दोन म्हणालो."

काकांनी चष्मा काढला. मला वाटलं आता हाकलतील. हाकललं असतं तर बरं झालं असतं.

"त्या दिवशी सकाळी मी विटा उचलल्या," ते म्हणाले. "सांध्यावर अंगठा दाबून पाहिला. आत दबला. चाळीस वर्षं हाताने माप घेतलंय मी, मला कळणार नाही का? ती तयार होऊन उभी होती. म्हटलं, एकच फेरी."

मी कटर काढला आणि गवत कापायला घेतलं. काका एक टोक धरून गुंडाळायला लागले. नको म्हटलं तरी ऐकेनात. पावसाचं पाणी पिऊन गवत एवढं जड झालं होतं की जिन्यात दोनदा खाली ठेवावं लागलं. भंगारवाल्याने हात लावला नाही, असलं कोणी घेत नाही म्हणाला. शेवटी सोसायटीच्या कचऱ्याशेजारी ठेवून आलो.

काम आम्ही सोडलेलं नाही. दुसरं येतं काय? आता पावसात कोणी विचारलं तर मी आठ दिवस सांगतो. लोक म्हणतात, एवढे कशाला, दुसरा माणूस एका दिवसात करून देतो. मग ते त्याला बोलावतात. बायको म्हणते, तुम्ही खरं तेच सांगता, झालं तर. मी हो म्हणतो. पण कुठल्याही घरात सांधा दाबून बघायला गुडघ्यावर बसलो की दारात कोण उभं आहे ते बघायला मान वर करायचं धाडस होत नाही.